नायलॉनचा धागा आणि मेणपतंगाची अळी : वडोदऱ्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

२१ नोव्हेंबर

वाघोडिया रस्त्यापलीकडे ज्यांच्या मधपेट्या आहेत, त्या काकांकडून आज मेणपतंगाच्या अळ्या आणल्या. त्यांच्या लेखी ही शुद्ध कीड. पेटीतल्या माश्या कमी झाल्या की ही अळी पोळ्यात शिरते, मेण पोखरत बोगदे करते आणि मागे रेशमी जाळी व विष्ठेचे काळे कण सोडत जाते. हिवाळ्यात ते पेट्या बडीशेपेच्या शेतांकडे हलवतात, त्यामुळे खराब चौकटी काढून एका बाजूला ठेवलेल्याच होत्या. दोन चौकटी पोत्यात घालून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

विभागात आल्यावर मोठ्या अळ्या वेचून बरण्यांत टाकल्या. खाद्य : गव्हाचा कोंडा, मक्याचं पीठ, दूध पावडर, मध, ग्लिसरीन आणि थोडं मेण. ३० अंश, पूर्ण अंधार. बरणीला प्लॅस्टिकचं झाकण चालत नाही, अळी ते कुरतडते. तारेची जाळी लावली.

प्रश्न एकदा इथे स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. कीटकांत प्रतिपिंडं नसतात, बी आणि टी लिंफोसाइट नसतात. तरीही अळीच्या अंगात नायलॉनचा तुकडा सरकवला तर तिच्या रक्तातल्या पेशी त्याला गुंडाळतात आणि वर मेलॅनिनचा काळा थर चढतो. जिवाणू ओळखला जातो हे समजण्यासारखं आहे, त्याच्या भिंतीत ओळखण्याजोगे रेणू असतात. नायलॉन तर कुठल्याच किड्याच्या पूर्वजांना कधी भेटलं नव्हतं. मग ते परकं आहे हे अळीला कळतं कशावरून?

३ डिसेंबर

आज पहिल्यांदा नीट रक्त पाहिलं. शेवटच्या अवस्थेतली अळी बर्फावर सुस्त केली, मागच्या मांसल पायाला बारीक कात्रीने छेद दिला आणि थेंब काचपट्टीवर घेतला. थेंब आधी फिकट पिवळसर असतो. बघता बघता कडेने करडा होतो, मग तपकिरी, आणि काही मिनिटांत शाईसारखा काळा. फिनॉलॉक्सिडेज हे विकर रक्तात निष्क्रिय रूपात फिरत असतं. प्रथिनं तोडणाऱ्या विकरांची एक साखळी त्याचा एक तुकडा छाटते तेव्हा ते जागं होतं आणि डोपासारख्या रेणूंपासून मेलॅनिन बनू लागतं. फिनाइलथायोयुरियाचे काही स्फटिक घातले की थेंब पिवळाच राहतो. पेशी बघायच्या तर हेच करावं लागतं. पूड विषारी आहे, हातमोजे घालूनच.

दोन प्रकारच्या पेशी सहज ओळखू येतात. ग्रॅन्युलोसाइट गोल, आत चमकदार कण ठासून भरलेले. प्लाझ्मॅटोसाइट सुरुवातीला तशाच गोल दिसतात, पण काचेला टेकल्या की पसरायला लागतात. एकीवर नजर ठेवून बसले होते. तिने आधी एका बाजूने पातळ पदर पुढे सरकवला, मग दुसऱ्या बाजूने, आणि थोड्या वेळात ती दोन्ही टोकांना निमुळती, काचेला चपटी चिकटून बसली. शेजारच्यांचंही तेच चाललेलं.

म्हणजे नायलॉनचीही गरज नाही. काचसुद्धा परकी ठरते. अळीच्या अंगात याच पेशी आतड्याला, श्वासनलिकांना, मेदपिंडाला घासत तासन्‌तास फिरत असतात आणि कशालाही चिकटत नाहीत. मला सर्वांत जास्त आश्चर्य या न चिकटण्याचं वाटतं.

८ डिसेंबर

वाचन. मेचनिकॉव्हपासून सुरुवात. १८८२, सिसिलीतलं मेसिना. ताराम‍ाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते, तिच्या त्वचेखाली त्याने गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमली होती. भक्षकपेशींची सगळी कल्पना तिथून निघाली, आणि १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं. हे आम्हाला बीएस्सीला एका ओळीत शिकवलं होतं. आज जाणवलं की काटा बागेतला होता, त्यावर जिवाणू आणि बुरशी असणारच. पेशी काट्यासाठी आल्या की काट्यावरच्या जिवाणूंसाठी, हे त्या प्रयोगातून वेगळं करता येत नाही. माझा प्रश्न तोच, फक्त काट्याच्या जागी नायलॉन आहे.

त्यानंतरच्या शतकात जे उलगडलं ते बहुतेक जिवाणू आणि बुरशीच्या बाजूचं. जिवाणूंच्या भिंतीतलं पेप्टिडोग्लायकन ओळखणारं प्रथिन १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी रेशमाच्या अळीच्या रक्तातून वेगळं केलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने दाखवलं की टोल जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीपुढे टिकत नाही. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो : मेलेली माशी आणि तिच्या अंगावर उगवलेले बुरशीचे तंतू. हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं. आता चित्र बरंच स्पष्ट आहे. संरक्षण जागं करणारे सांगाव्याचे दोन मार्ग आहेत, टोल आणि आयएमडी. जिवाणूंचे भिंतीच्या रचनेवरून दोन गट पडतात, ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह. ज्या पेप्टिडोग्लायकनमध्ये लायसिन असतं (बहुतेक ग्रॅम-पॉझिटिव्ह गोलाणू) ते टोल मार्ग चालू करतं. ज्यात डायअमिनोपिमेलिक आम्ल असतं (ग्रॅम-निगेटिव्ह आणि बॅसिलस) ते फळमाशीत आयएमडी मार्ग चालू करतं. बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन ओळखणारी प्रथिनं वेगळी, पण त्यांचा सांगावा पुन्हा टोलकडेच जातो.

एका अमिनो आम्लाच्या फरकावरून माशीला जिवाणूंची जात कळते. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. पण नायलॉनचं उत्तर यात नाही.

१६ डिसेंबर

माझ्या मार्गदर्शक मॅडमना आराखडा दाखवला. त्यांनी शांतपणे सगळा वाचला आणि एकच विचारलं, "धागा स्वच्छ आहे हे कशावरून?"

मी ऑटोक्लेव्हचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतील गं, त्यांचं एंडोटॉक्सिन कुठे जाईल?"

हाच कळीचा मुद्दा आहे. एंडोटॉक्सिन, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्यपटलातलं लिपोपॉलिसॅकराइड, १२१ अंशांच्या वाफेत टिकून राहतं. ते घालवायचं तर कोरडी उष्णता लागते, २५० अंश, अर्धा तास. काचेच्या वस्तूंना ते चालतं. नायलॉन-६ मात्र २२० अंशांच्या आसपास वितळतं. बाजारातल्या रिळावरून घेतलेला धागा हाताळलेला, धूळ बसलेला असतो. त्यावर जिवाणूंच्या भिंतीचे अवशेष असतील तर अळी नायलॉन ओळखते आहे की ते अवशेष, हे कळणारच नाही. धागा खरोखर स्वच्छ आहे हे दाखवल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ.

१९ डिसेंबर

आतेभाऊ इथल्याच एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. रात्री जेवायला दांडिया बाजारात आत्याकडे गेले होते, तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, "एलएएल कर. आम्ही इंजेक्शनच्या प्रत्येक बॅचला तेच करतो." एलएएल म्हणजे एंडोटॉक्सिन शोधण्याची चाचणी. पूर्वी यासाठी सशांना टोचून त्यांचं तापमान मोजत बसावं लागायचं. आता एका नळीत उत्तर मिळतं. दादाने आत्याच्या पिठल्याकडे दुर्लक्ष करून मला वहीत पायऱ्या लिहून दिल्या, पीएच ६ ते ८ ठेवायला बजावलं, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर मुद्दाम एंडोटॉक्सिन मिसळलेली एक नळी लावायला सांगितलं. नमुन्यातच प्रतिक्रिया अडवणारं काही असेल तर ती नळी ते उघड करते.

ही चाचणी ज्या प्राण्यामुळे आहे तोही अपृष्ठवंशीच. हॉर्सशू क्रॅब म्हणतात, पण तो खेकडा नाही, नात्याने कोळ्यांच्या जवळचा. आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी अमेरिकी जातीला ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू टोचले आणि प्राण्याचं रक्त आतच गोठलं. १९६४ मध्ये जॅक लेव्हिन आणि बँग यांनी दाखवलं की गोठवणारी सामग्री रक्तातल्या अमीबासारख्या पेशींत असते. त्या पेशी फोडून केलेला अर्क म्हणजेच ही चाचणी. त्यातलं फॅक्टर-सी हे प्रथिन लिपोपॉलिसॅकराइडला धरतं, त्यातून विकरांची साखळी पेटते आणि शेवटी कोॲग्युलोजेनची जेली बनते. शिवाय फॅक्टर-जी नावाची दुसरी वाट आहे, ती बीटा-ग्लुकनने उघडते. त्यामुळे कापसाने किंवा कागदी गाळणीने पुसलेली वस्तू फसवा होकार देऊ शकते.

एका अपृष्ठवंशीचा धागा स्वच्छ आहे का, हे दुसऱ्या अपृष्ठवंशीच्या रक्ताला विचारायचं. मला हे फार आवडलं.

२७ डिसेंबर

एलएएल झाली. संच ०.१२५ युनिट प्रति मिली संवेदनशीलतेचा. एक युनिट म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोग्रॅम एंडोटॉक्सिन, त्यावरून अंदाज यावा. समान आकारमानात नमुना आणि अर्क, ३७ अंश, एक तास, मध्ये नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच अलगद उलटी करायची.

फक्त ऑटोक्लेव्ह केलेल्या धाग्याचं धुवण : नळी उलटी केली, जेली तळाला घट्ट.

सौम्य कॉस्टिकमध्ये रात्रभर बुडवून, मग इंजेक्शनसाठीच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलेल्या धाग्याचं धुवण : पाणी खाली घरंगळलं. मिसळलेली नळी गोठली, म्हणजे चाचणी अडलेली नव्हती.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या केतकीने नळ्यांचा फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. उत्तर आलं, "आता सुरू करा."

५ जानेवारी

मांडणी. मासेमारीचा एकपदरी नायलॉन धागा, २ मिलिमीटरचे तुकडे, पृष्ठभाग आधीच पॉलिश पेपरने खरखरीत केलेला. सगळे तुकडे वरच्या पद्धतीने स्वच्छ केलेले. काही तसेच उघडे, काहींवर यीस्टच्या भिंतीपासून बनवलेल्या झायमोसनचा लेप (त्यात बीटा-ग्लुकन भरपूर), काहींवर लिपोपॉलिसॅकराइड. चौथ्या गटाला धागा नाही, फक्त निर्जंतुक सुईचं टोचणं. जखमेचाही स्वतःचा सांगावा असतो, फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे रेणू संरक्षण जागं करतात, म्हणून हा गट नसेल तर बाकीच्यांना अर्थ नाही. चार तास आणि चोवीस तास, अशा दोन वेळांना काढायचे.

१२ जानेवारी

झायमोसनचा धागा चार तासांतच काळा. चोवीस तासांच्या तुकड्यावर कवच इतकं जाड की नायलॉन कुठे संपतं आणि पेशी कुठे सुरू होतात ते टोकालाच कळतं. कापून पाहिलं तर आत काळा गाभा, बाहेर प्लाझ्मॅटोसाइटचे चपटे थर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक. पतंगवर्गातल्या कवचाचा क्रम वाचला होता तसाच आहे : आधी ग्रॅन्युलोसाइट येऊन चिकटतात, त्या कण सोडतात, मग प्लाझ्मॅटोसाइट पसरत येतात. त्यांना पसरायला लावणारा २३ अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड १९९७ मध्ये सोयाबीनवरच्या एका अळीत सापडला.

नुसतं टोचणं : छेदाच्या जागी मेलॅनिनचा ठिपका, आत काही नाही.

आणि स्वच्छ, उघडा धागा. चार तासांनी जवळजवळ पांढरा, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशींचा विरळ, सलग नसलेला थर. चोवीस तासांनी करडा, मध्ये मध्ये तपकिरी पट्टे, थर पूर्ण. इमेज-जे या संगणक प्रणालीत फोटोंतल्या करड्या छटा मोजल्या, तो झायमोसनपेक्षा फिकट येतो, पण अळीत न घातलेल्या कोऱ्या धाग्यापासून स्पष्ट वेगळा. लिपोपॉलिसॅकराइडचा या दोहोंच्या मधे.

म्हणजे धाग्यावर जिवाणूंचं काही सापडत नसतानाही अळीने त्याला सोडलं नाही. उशिरा, सावकाश, पण गुंडाळलंच. ओळखीचा रेणू मिळाला तर वेग आणि जोर वाढतो. ओळखण्याची सुरुवात मात्र त्याच्यावाचूनही होते.

१४ जानेवारी

उत्तरायण, विभाग बंद. सकाळी जाऊन बरण्यांत खाद्य टाकून आले.

१८ जानेवारी

आता उलटी बाजू : आपलं असलेलं का सोडलं जातं?

कीटकाच्या आतल्या प्रत्येक अवयवावर आधारपटल असतं, कोलॅजन आणि लॅमिनिनचा पातळ पापुद्रा. रक्तपेशींना सतत भेटणारा पृष्ठभाग तोच. १९८० मध्ये रिझकी दांपत्याने फळमाशीच्या अळ्यांत ऊतींचे तुकडे रोवून पाहिले. आधारपटल शाबूत असलेला स्वजातीचा तुकडा सुटतो, पटल बिघडलेला गुंडाळला जातो. तेच मेणपतंगात करून बघायचं. दुसऱ्या अळीच्या मेदपिंडाचे तुकडे, एक गट कोलॅजनेज विकरात भिजवलेला, दुसरा उकळून निकामी केलेल्या कोलॅजनेजमध्ये तितकाच वेळ. नंतर दोन्ही सारखेच धुतलेले.

मेदपिंड म्हणजे पांढरी, लोण्यासारखी मऊ पट्टी. चिमट्याने धरली की फाटते. केतकीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, रोवण्याचं काम तिने केलं.

२२ जानेवारी

कोलॅजनेजमधले तुकडे पेशींनी पूर्ण मढलेले, बरेचसे तपकिरी.

निकामी विकरातले तुकडे पांढरे, मोकळे. पण त्यातला एक तुकडा मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की तो सगळीकडे मोकळा नाही. ज्या कडेला कात्री लागली होती तिथे, फक्त तिथे, पेशींची एक अरुंद पट्टी होती. कडेपासून जरा आत, जिथे पटल सुरू होतं, तिथे पट्टी थांबलेली. पलीकडे गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग, एकही पेशी नाही. बाकीचे तुकडे पुन्हा काढून पाहिले, कापलेल्या कडांवर तेच. एकाच तुकड्याची एक बाजू परकी ठरली होती आणि दुसरी आपली. दोन्हीकडे प्राणी तोच, ऊती तीच. फरक एका पापुद्र्याचा.

मॅडमना बोलावलं. त्या डोळा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा फोटो प्रबंधात पूर्ण पानभर घाल."

२८ जानेवारी

आज लिहायला बसले. अळीकडे ओळखण्याच्या दोन वाटा दिसतात. एक, शत्रूच्या ठरावीक खुणांची : पेप्टिडोग्लायकन, ग्लुकन, लिपोपॉलिसॅकराइड. दुसरी, स्वतःच्या खुणेच्या अभावाची : आधारपटल नाही, तर गुंडाळा. नायलॉन दुसऱ्या वाटेने पकडलं जातं. आपण पाठ्यपुस्तकात पहिलीच वाट शिकवतो, आणि त्यामुळे कीटकांची प्रतिकारशक्ती म्हणजे शत्रूंची एक आखूड यादी एवढंच डोक्यात राहतं. माझ्या मते हे अपुरं आहे. यादी कितीही मोठी केली तरी उद्या येणारा नवा परजीवी तिच्यात नसेल. आपलं काय ते पक्कं माहीत असेल तर नव्याची यादी लागत नाही.

परजीवी गांधीलमाश्यांना हे फार पूर्वी साधलंय. पिठातल्या पतंगाच्या अळीत अंडं घालणाऱ्या व्हेन्चुरिया माशीच्या अंड्यावर विषाणूसारख्या कणांचा लेप असतो. तो असेपर्यंत यजमानाच्या पेशी अंड्याकडे फिरकत नाहीत. ती दुसऱ्या वाटेची पळवाट. कोटेशियासारख्या माश्या अंड्याबरोबर पॉलीडीएनए विषाणू सोडतात, तो थेट रक्तपेशींनाच लुळं करतो. ओळख पटली तरी हात उचलता येत नाही.

डीएसकॅम जनुकाचा उल्लेखही करायचा आहे. फळमाशीत त्याचे तुकडे वेगवेगळ्या रीतीने जुळून ३८,०१६ प्रकारची प्रथिनं बनू शकतात, आणि ती रक्तपेशींतही आढळतात. "कीटकांत विविधता नाही" हे वाक्य त्यामुळे आता इतक्या सहज लिहिता येत नाही. मात्र माझ्या धाग्याशी त्याचा संबंध जोडण्याजोगं माझ्याकडे काही नाही, म्हणून एकच परिच्छेद.

४ फेब्रुवारी

दुसऱ्या वाटेतही एक दुवा राहतो. पेशी नायलॉनला थेट चिकटते, की रक्तातली प्रथिनं आधी नायलॉनवर बसतात आणि पेशी त्यांना धरते? बशीत पाहिलं. रक्त फिनाइलथायोयुरियात घेऊन पेशी खाली बसवल्या, वरचा पेशीविरहित द्रव वेगळा केला. काही स्वच्छ धागे त्या द्रवात भिजवून धुतले, काही नुसत्या खारट द्रावणात. मग दोन्ही धुतलेल्या पेशींत ठेवले. द्रवात भिजलेल्या धाग्यांवर पेशी उघड दिसण्याइतक्या जास्त बसल्या. खारट द्रावणातलेही अगदी रिकामे नव्हते.

९ फेब्रुवारी

रक्तद्रवात भिजवलेल्या धाग्यांवरची प्रथिनं एसडीएस या डिटर्जंटने उतरवून, वजनानुसार वेगळी व्हावीत म्हणून जेलवर चालवली. अनेक पुसट पट्ट्या आणि १८ किलोडाल्टनच्या आसपास एक ठळक. मेणपतंगाचं अपोलिपोफोरिन-३ साधारण याच वजनाचं असतं. ते मेद वाहून नेणारं प्रथिन, पण लिपोपॉलिसॅकराइड आणि बीटा-ग्लुकनलाही धरतं हे माहीत आहे. मात्र रक्तात ते मुळातच भरपूर असल्यामुळे धाग्यावर सापडणं फारसं काही सांगत नाही. मॅडमचंही तेच म्हणणं पडलं. शेजारी साध्या रक्तद्रवाची ओळ चालवून कुठली पट्टी धाग्यावर प्रमाणाबाहेर जास्त आहे ते पाहायला हवं. तशी पाहिली, तर १८ ची पट्टी दोन्हीकडे सारखीच ठळक. त्याऐवजी वरच्या भागात एक अरुंद पट्टी आहे, जी रक्तद्रवात जेमतेम दिसते आणि धाग्यावर उठून दिसते.

ती पट्टी स्वच्छ पात्याने कापून नळीत ठेवली. नळीवर तारीख घातली, उणे वीसच्या फ्रीझरमध्ये दुसऱ्या कप्प्यात. ते प्रथिन कोणतं हे ओळखण्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीचा अर्ज केतकी सोमवारी भरणार आहे.